पाचपैकी तीन

निहार साठ्येला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ऑफिसच्या कँटीनमध्ये चार जणांना बर्फ समजावून सांगत होता. चौघंही बव्हेरियात जन्मलेले, त्यातले दोघं तर थेट आल्प्सच्या पायथ्याच्या गावांतले. ते मुकाट्याने पास्ता खात ऐकत होते. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला डोंगर वेगळा शिकावा लागत नाही, असं निहारचं म्हणणं होतं. एकदा कोकणकडा पाहिला की आल्प्स म्हणजे थंडी वाढवलेला सह्याद्री.

आम्ही दोघं हेर्त्सोगेनआउराखमधल्या एकाच स्पोर्ट्सवेअर कंपनीत. तो मार्केटिंगला, मी बुटांच्या तळव्यांच्या चाचण्या घेणाऱ्या लॅबमध्ये. दिवसभर तळवे तुटेपर्यंत वाकवायचे आणि ते कुठे तुटले ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. मी भुसावळची. वडील रेल्वेत होते. बर्फ आमच्याकडे रसवंतीवाल्याच्या गोणपाटात यायचा आणि भुसा धुऊन वापरायचा असायचा. म्युनिकला पीएचडी करताना लॅबमधल्या एका मुलीने मला स्की शिकवलं, आणि मग स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून, लिफ्टशिवाय, आपल्या पायांनी डोंगर चढायलाही शिकवलं. सहा हिवाळे मी ते करते आहे. दोन कोर्स केले. त्यातल्या एका कोर्सात म्हाताऱ्या मास्तरांनी बर्फात पुरलेली पिशवी आम्हाला इतक्या वेळा शोधायला लावली, की हातमोज्यांची बोटं फाटली. एवढं करूनही मला डोंगर कळतो असं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

निहारने मात्र एका नोव्हेंबरात सगळं सामान एकदम घेतलं. स्की, बूट, बर्फात गाडलेल्या माणसाचा पत्ता लावणारा, छातीला बांधायचा ट्रान्समीटर, ज्याला इथे सगळे एलव्हीएस म्हणतात, आणि एअरबॅगची सॅक. हिमस्खलनात सापडलात की सॅकच्या पट्ट्यातली मूठ ओढायची, फुगा उघडतो आणि माणूस बर्फाच्या वर तरंगत राहतो. म्हणजे बहुधा राहतो. हे 'बहुधा' निहारने वाचलं नव्हतं.

"आता रिस्क मॅनेज झाली," असं तो म्हणाला.

त्याची बायको क्षितिजा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. रसायनशास्त्रातली एमएस्सी, एर्लांगनला पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला. कमी बोलणारी. आठ वर्षांत निहारचं जर्मन बेकरीच्या पुढे सरकलं नव्हतं. घराचा करार, परदेशी लोकांचं ऑफिस, डॉक्टर, सगळीकडे तीच बोलायची. तो शेजारी बसून तिचं बोलणं संपायच्या आत "आल्झो, गेनाऊ", म्हणजे 'हो, अगदी बरोबर', म्हणायचा, जणू काही ती त्याचंच म्हणणं मांडत होती.

त्या दोघांना मी जानेवारीत गावाबाहेरच्या शेतात सरावाला बोलावलं. एकाने ट्रान्समीटर पुरायचा, दुसऱ्याने शोधायचा. निहार पहिल्या रविवारी आला, व्हिडिओ काढला आणि थंडी फार आहे म्हणून गाडीत जाऊन बसला. क्षितिजा चारही रविवार आली. चौथ्या रविवारी तिला चार मिनिटं लागली.

"घरात चावी शोधायला याहून जास्त लागतात," ती म्हणाली. तिने माझ्याशी स्वतःहून केलेली ती पहिली गंमत.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही तिघं आल्प्समधल्या आल्गॉय भागात गेलो. एका दरीच्या तोंडाशी गाडी लावली तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. मी फोनवर त्या दिवसाचं हिमस्खलनाचं बुलेटिन उघडून मोठ्याने वाचलं. धोका तिसऱ्या पायरीचा. सोळाशे मीटरच्या वर, उत्तर आणि पूर्वेकडच्या उतारांवर वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ आहे, खालच्या थराला तो नीट धरलेला नाही, एकट्या माणसाच्या वजनानेही सुटू शकतो.

"पायऱ्या किती असतात?" निहारने विचारलं.

"पाच."

"पाचपैकी तीन. म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास."

मी त्याला सांगितलं की हे मार्क नाहीत. तीन म्हणजे मधलं, साधारण, असं काही नाही. चार-पाचला लोक घरीच बसतात. तीनला तुझ्यासारखे बाहेर पडतात, आणि म्हणून सगळ्यात जास्त माणसं तीनलाच मरतात. 'तुझ्यासारखे' हा शब्द मी वगळला. मी शहाणी समजते स्वतःला, म्हणून वगळला. आपल्यात समोरच्याला तोंडावर मूर्ख म्हणत नाहीत, निदान त्याच्या बायकोसमोर तरी.

बेत साधा होता. जंगलातून, सौम्य चढाने, वरच्या कुरणातल्या बंद झोपडीपर्यंत जायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. तीस अंशांच्या वर कुठेही पाय ठेवायचा नाही. तिसऱ्या पायरीच्या दिवशीही हा बेत ठीक होता. साडेदहाला आम्ही झोपडीशी पोचलो. क्षितिजाने तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. ऊन पडलं होतं. झोपडीच्या वर एक मोठी बशीसारखी खोलगट जागा, आणि तिच्या मागे डोंगराच्या कण्यापर्यंत गेलेला, उत्तरेकडे तोंड केलेला पांढराशुभ्र उतार. त्याच्यावर एकही रेघ नव्हती.

निहार पुरी चावत त्याच्याकडे बघत होता. "एकही ट्रॅक नाही," तो म्हणाला.

"त्याचं कारण आहे," मी म्हणाले.

"लोक झोपलेत अजून."

खाली पार्किंगमध्ये नऊ गाड्या होत्या. त्या नऊ गाड्यांमधली माणसं समोरच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या टेकडीवर मुंग्यांसारखी दिसत होती. मी त्याला ती दाखवली. तो म्हणाला, जर्मन लोक मेंढरं असतात.

त्याने कॅमेरा सॅकच्या डाव्या पट्ट्यावर बसवला. एअरबॅगची मूठ त्याच पट्ट्यात होती आणि कॅमेऱ्याच्या मध्ये येत होती. म्हणून त्याने ती कप्प्यात सारली आणि चेन ओढून घेतली. मी म्हटलं, निहार, मूठ बाहेर ठेव. तो म्हणाला, लागली तर काढीन. फक्त उताराच्या पायथ्यापर्यंत जाऊन बघू, असं म्हणत तो निघालाही. आम्ही मागे गेलो.

झोपडीपासून शंभर पावलांवर, अगदी सपाट जागी, आमच्या पायाखालचा बर्फ खचला. दोन बोटं असेल, पण एकदम, सगळीकडे, आणि पोटात बसावा असा दबका आवाज आला, व्हुम्म. माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक चीर सरपटत दहा-बारा मीटर गेली. सहा हिवाळ्यांत मी तो आवाज दोनदा ऐकला होता, आणि दोन्ही वेळा आम्ही शब्दही न बोलता मागे फिरलो होतो. खालचा थर मोडल्याचा तो आवाज असतो. डोंगर याहून स्पष्ट बोलत नाही.

"परत फिरायचं," मी म्हणाले.

"अगं, बर्फ बसला. बसला म्हणजे पक्का झाला."

"पक्का नाही झाला. मोडला. इथे सपाट आहे म्हणून आपण उभे आहोत. हेच त्या उतारावर झालं तर सगळा उतार खाली येईल."

तो हसला. वाईट हसला नाही. लहान मुलीने काही बोबडं बोलावं आणि आपण हसावं, तसा. "मैत्री, तू टेस्टिंगवाली. तुला प्रत्येक गोष्ट तुटतानाच दिसते. आणि खरं सांगू का, तुम्ही लोक फार नियम पाळता. कोर्स केला की त्याच्या बाहेर विचार करायचा नाही. डोंगर अंगात असावा लागतो."

'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. भुसावळचे, की लॅबवाले, की आणखी कोणी. ते आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की अर्थ लावायचा कंटाळा येतो.

"क्षितिजा, चल," तो म्हणाला.

क्षितिजाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला मान हलवून नको म्हटलं, आणि ती हलली नाही. लग्नाच्या सहा वर्षांत तिने असं किती वेळा केलं असेल मला माहीत नाही, पण निहारच्या चेहऱ्यावरून ती पहिलीच वेळ असावी.

"ठीक आहे. मग मी एकटा जातो. वीस मिनिटं. खालून शूट करा."

आणि इथे मी म्हणाले, "ठीक आहे. पण डावीकडच्या खडकांना धरून जा."

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा मनात ऐकलं आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात. तीनदा नाही म्हटल्यावर चौथ्यांदा नाही म्हणायची मला लाज वाटली. त्या माणसाला मी अडाणी समजत होते, आणि त्याच अडाण्याने मला भित्री म्हणू नये म्हणून मी त्याला वाट सांगितली.

तो खडकांना धरून गेलाच नाही. मधून गेला, कारण मधून व्हिडिओ चांगला आला असता. नागमोडी चढत त्याने दोन वळणं घेतली. तिसऱ्या वळणाला त्याच्या बऱ्याच वरती, कण्याच्या जरा खाली, एक आडवी रेघ उमटली. कोणी पेन्सिलने काढावी तशी. मग त्या रेघेच्या खालचा सगळा उतार एकसंध सरकला, आणि सरकता सरकता त्याची फरशीसारखी शकलं झाली. आवाज नंतर आला. मी निहारकडे डोळे रोखून धरले, कारण मास्तरांनी तेच शिकवलं होतं: ओरडू नका, शेवटचं कुठे दिसला ते बघा. त्याचा उजवा हात छातीशी काहीतरी चाचपत होता. चेन शोधत असावा. मग तो दिसेनासा झाला.

सगळं थांबायला अर्धं मिनिटही लागलं नाही. बशीसारख्या जागेत ढेकळांचा ढीग पडला होता, फुटबॉलच्या अर्ध्या मैदानाएवढा. मी वर पाहिलं. कण्यापर्यंत सगळं घसरून गेलं होतं, आता आणखी येण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"एकशे बाराला फोन कर. झोपडीचं नाव सांग. मग फोन बंद करून माझ्यामागे ये," मी क्षितिजाला सांगितलं आणि निघाले. तो दिसेनासा झाला होता तिथून खाली शोधायला सुरुवात केली. माझा एलव्हीएस शोधण्यावर टाकला होता. आकडा आला, अठ्ठेचाळीस मीटर. मग एकदम एकवीस. मग अठरा, पण बाण मागे दाखवत होता. मी वळून पाहिलं. क्षितिजा धावत येत होती. तिचा अजून सिग्नल पाठवत होता. मी निहारऐवजी त्याच्या बायकोला शोधत होते.

"तुझा शोधण्यावर टाक."

तिने छातीशी हात नेला. आकडा बदलला, चव्वेचाळीस. बाण सरळ पुढे. चोवीस. अकरा. मी गुडघ्यांवर बसून यंत्र बर्फाला टेकवलं. दोन. दीड. एक पूर्णांक दोन. क्षितिजाने सॅकमधली घडीची सळई झटक्यात उघडली आणि उताराला काटकोनात घुसवली. पहिल्यांदा काही नाही. वीतभर बाजूला, काही नाही. चौथ्यांदा सळई मऊ, स्पंजासारख्या कशाला तरी लागून थांबली. ती तिथेच रोवून ठेवली आणि आम्ही तिच्या खालच्या अंगाने खणायला सुरुवात केली.

वाहून आलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा होतो. फावड्याने तोडावा लागतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जगतात, त्यानंतर आकडे झपाट्याने पडतात, हे आम्हा दोघींनाही पाठ होतं. क्षितिजा तोडत होती, मी मागे ढकलत होते, दमलो की जागा बदलत होतो. आधी सॅक लागली. मग हेल्मेट. त्याचं तोंड मोकळं केलं तेव्हा ओठ जांभळे होते आणि तोंडात बर्फ गच्च होता. क्षितिजाने बोटाने तो काढला. निहार श्वास घेत नव्हता. मी त्याची हनुवटी वर उचलली, आणि फुंकायला वाकणार तेवढ्यात त्याने खरवडल्यासारखा एक श्वास घेतला, मग दुसरा. घड्याळाप्रमाणे बारा मिनिटं झाली होती.

त्या क्षणी मला आनंद झाला, हे खरं आहे. तो कोणाहीसाठी झाला असता.

हेलिकॉप्टर वीस मिनिटांत आलं. निहारची उजवी मांडी मोडली होती, दोन बरगड्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्ये एक पोलिस आला. हेर रीडल, पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, डोंगरातल्या अपघातांचंच काम बघणारा. अशा अपघाताची चौकशी इथे होतेच. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं, म्हणून त्याने क्षितिजाला विचारलं की ती दुभाषाचं काम करेल का, नाहीतर तो रीतसर दुभाषा बोलावतो. ती करेन म्हणाली. मी खिडकीशी उभी होते. माझा जबाब नंतर घ्यायचा होता.

कुठून निघालात, काय सामान होतं, बुलेटिन पाहिलं होतं का, हे सगळं झालं. मग रीडलने विचारलं, "तुमच्या तिघांत निर्णय कोण घेत होतं?"

क्षितिजाने ते मराठीत सांगितलं. निहारने माझ्याकडे पाहिलं नाही.

"त्याला सांग, मैत्री घेत होती," तो म्हणाला. "तिला सहा वर्षांचा अनुभव आहे. तिने कोर्स केलेत. आम्ही तिच्या भरवशावर गेलो. सेफ नसतं तर तिने थांबवायला हवं होतं."

अनुभवी माणसाने नवख्यांना नेलं तर कायदा त्यालाच वाटाड्या आणि जबाबदार धरू शकतो, पैसे घेतले असोत वा नसोत. हे निहारने रात्रीतून फोनवर वाचून काढलं असणार. बुलेटिनच्या सहा ओळी ज्याला वाचवल्या नाहीत, त्याने मांडी बांधलेल्या अवस्थेत जर्मन कायदा वाचला.

क्षितिजा रीडलकडे वळली. ती संथ, स्वच्छ जर्मनमध्ये बोलली. "माझे पती म्हणतात की निर्णय मैत्री तायडे घेत होत्या, आणि त्यांनी आम्हाला थांबवायला हवं होतं. हे त्यांचं म्हणणं मी शब्दशः सांगितलं. आता माझं सांगते. हे खोटं आहे. तिने तीनदा थांबवलं. मी तिथे होते."

निहारला तेवढं जर्मन कळलं. "क्षितिजा, काय सांगतेस त्याला?"

"तू जे म्हणालास ते," ती म्हणाली. "आणि जे झालं ते."

"मी मरता मरता वाचलोय."

"हो. मीच खणत होते."

रीडलने लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला तिथे गप्प राहता आलं असतं. क्षितिजाने माझी सुटका केलीच होती आणि कोणी काही विचारलं नव्हतं. पण पलंगावरच्या त्या माणसाकडे पाहून मला एवढंच वाटलं, की याच्यासारखं व्हायचं नसेल तर आत्ताच बोललं पाहिजे.

"तीनदा नाही म्हणाले हे बरोबर आहे," मी म्हणाले. "चौथ्यांदा मी ठीक आहे म्हणाले. डावीकडून जा, असंही म्हणाले. तो उतार सुटू शकतो हे मला माहीत होतं."

"का म्हणालात?" रीडलने विचारलं. आवाजात दोष नव्हता. कदाचित त्याने हा प्रश्न पुष्कळांना विचारला असेल.

"वाईट दिसू नये म्हणून."

त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "बहुतेक जण थकवा सांगतात. किंवा हवामान." कॅमेरा त्याने पिशवीत घालून नेला.

पाच आठवड्यांनी प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं. सज्ञान माणूस, धोका सांगितलेला, स्वतःच्या इच्छेने गेला, असं त्यात होतं. निहारने मला एक अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. सामान त्याने विकायला काढलं. 'एकदाच वापरलेलं, उत्तम स्थितीत, एअरबॅग कधीही न उघडलेली,' अशी जाहिरात लिहिली. त्यात त्याला काही विचित्र वाटलं नाही.

क्षितिजाने त्याची मांडी भरून येईपर्यंत सगळं केलं. अंघोळ, औषधं, विम्याचे फॉर्म. जूनमध्ये तो कुबड्यांशिवाय चालायला लागला आणि त्याच महिन्यात तिने दूर लुडविग्सहाफेनला एका रासायनिक प्रयोगशाळेत नोकरी घेतली. तिचं सामान नेताना गाडी मी चालवली. वाटेत तिने एकदाच विषय काढला.

"खोटं बोलला याचं काही वाटलं नाही," ती म्हणाली. "ते मी नुसतं भाषांतर करून सांगीन, असं त्याला वाटलं ना. त्याचं वाटलं."

दिवाळीला न्यूर्नबर्गच्या मराठी मंडळात निहारचं भाषण ठेवलं होतं, मृत्यूवर मात वगैरे. मी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. बहुतेक अजून चीड शिल्लक आहे का ते बघायला. तो बरा बोलतो. बर्फाखाली असताना त्याने श्वासावर कसं नियंत्रण ठेवलं, आजीने शिकवलेला श्लोक कसा मनात म्हटला, हे त्याने सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या. शेवटी मंडळाच्या खजिनदार मालिनीताईंनी विचारलं, "पण तुम्हाला बाहेर कोणी काढलं?"

"टीमने," निहार म्हणाला.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्याची नजर माझ्यावरून गेली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. चीड आली नाही. रस्त्यात पडलेलं काही ओलांडताना आपण पाय जरा उंच उचलतो, तेवढंच झालं. मी कोट घेतला आणि बाहेर येऊन क्षितिजाला फोन लावला. ती लॅबमध्येच होती, मागे कुठलंतरी यंत्र घुमत होतं.

"किती लोक होते?" तिने विचारलं.

"साठेक."

"जेवायला काय आहे?"

"मसालेभात आणि श्रीखंड. मी अजून जेवले नाही."

"मग आत जा आणि जेव," ती म्हणाली. "त्याच्यापायी मसालेभात कशाला सोडतेस."

मी आत गेले आणि रांगेत उभी राहिले.